मानेच्या डॉपलरमध्ये प्लाक आहे पण ब्लॉक नाही, मग नेमकं समजायचं काय?

उंबरठा:

मंडळी, जाणकारांचं जरा मार्गदर्शन हवंय. वय ४६, पुरुष, सिगरेट-तंबाखू कधीच नाही, शुगर नॉर्मल. बीपी १३४/८६ च्या आसपास असतं, त्यावर अजून गोळी नाही. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १४२, एचडीएल (चांगलं) ४१. वडिलांना ५३व्या वर्षी अटॅक येऊन अँजिओप्लास्टी झाली होती त्यामुळे मनात धाकधूक असतेच. आत्ता चेकअप केलं त्यात मानेच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी पण होती, मी आपला थायरॉइडसाठी असेल असं समजून झोपलो. रिपोर्ट असा आलाय, जसाच्या तसा देतो:

"आयएमटी उजवीकडे ०.८ मिमी, डावीकडे ०.९ मिमी. डाव्या बल्बमध्ये १.८ मिमी जाडीचा छोटा, थोडा कॅल्सिफाइड प्लाक. लक्षणीय स्टेनोसिस नाही. फ्लो व्हेलॉसिटी नॉर्मल."

एका डॉक्टरांनी शेवटची ओळ वाचली आणि म्हणाले काही नाहीये, मजा करा. दुसरे प्लाक या शब्दावरच थांबले आणि म्हणाले स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करायची गोळी, सुरू करा. नेटवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये माझे आकडे टाकले तर १० वर्षांची रिस्क ५ टक्क्यांच्या आत दाखवतोय. आता मी कुणाचं ऐकू? आयएमटी ०.९ म्हणजे चांगली की वाईट, मानेतल्या प्लाकचा हार्टशी काय संबंध, आणि वर्षभर खाणंपिणं सांभाळून परत हीच सोनोग्राफी केली तर ०.९ चं ०.८ झालेलं दिसेल का? हा शेवटचा प्रश्न बालिश वाटेल पण मला खरंच तेच करायचं होतं.

रेषांची_वाचक:

मी रोज हेच काम करते, मशीनच्या या बाजूला बसून. औषधाचं मी काही सांगणार नाही, तो माझा प्रांत नाही, पण तुमच्या रिपोर्टमध्ये तीन वेगवेगळ्या गोष्टी एका दमात लिहिल्यात आणि सगळा गोंधळ तिथूनच झालाय असं मला वाटतं.

पहिली आयएमटी, म्हणजे धमनीच्या भिंतीच्या आतल्या दोन थरांची मिळून जाडी. मान थोडी वळवून जेल लावून प्रोब उभा धरला की मानेतली मुख्य, म्हणजे कॅरोटिड धमनी स्क्रीनवर आडव्या काळ्या पट्ट्यासारखी दिसते, आत रक्त म्हणून काळी. तिची प्रोबपासून लांबची जी भिंत असते तिथे दोन बारीक पांढऱ्या रेषा समांतर दिसतात, मधे एक काळसर फट. वरची रेष म्हणजे रक्त संपून भिंत सुरू होते ती जागा, खालची म्हणजे मधला थर संपून बाहेरचा सुरू होतो ती जागा. या दोन रेषांमधलं अंतर म्हणजे आयएमटी. १९८६ साली पिन्योली नावाच्या इटालियन संशोधकाने सहकाऱ्यांबरोबर दाखवलं की हे अंतर खऱ्या धमनीच्या कापलेल्या तुकड्यावर मोजलेल्या जाडीशी जुळतं, तेव्हापासून हा प्रकार सुरू झाला. मोजायची जागा ठरलेली आहे, धमनी जिथे फुगून दोन फाटे फुटतात त्या बल्बच्या अलीकडचा साधारण १ सेंटीमीटरचा तुकडा, आणि त्यात प्लाक नको.

आता तुमचा वर्षभराचा बेत. ही जाडी वयानुसार वर्षाला सरासरी मिलीमीटरच्या शंभराव्या भागाइतकी वगैरे वाढते. आणि प्रोब जरासा तिरका झाला, ठोक्याच्या वेगळ्या क्षणी चित्र गोठवलं, किंवा दुसऱ्या माणसाने मोजलं तर आकडा सहज ०.१ ने इकडचा तिकडे होतो. म्हणजे भाजीच्या तराजूवर सोनं तोलण्यासारखं आहे. पुढच्या वर्षी ०.८ आला तर तुम्ही खूश व्हाल, १.० आला तर झोप उडेल, आणि दोन्ही वेळा धमनी होती तशीच असेल. कृपया या आकड्यासाठी परत येऊ नका (आमचं गिऱ्हाईक गेलं तरी चालेल).

दुसरी गोष्ट प्लाक, म्हणजे भिंतीत कोलेस्टेरॉल साचून आलेला उंचवटा. भिंत एका जागी आतल्या बाजूला अर्धा मिलीमीटर किंवा त्याहून जास्त उचलली गेली, किंवा आजूबाजूच्या जाडीच्या निम्म्याने जास्त झाली, किंवा एकूण जाडी १.५ मिमीच्या वर गेली की त्याला प्लाक म्हणायचं असा संकेत आहे. तुमचा १.८ आहे म्हणजे तो प्लाकच, वाद नाही. कॅल्सिफाइड लिहिलंय म्हणजे तो भाग पांढराशुभ्र दिसला असणार आणि त्याच्यामागे काळी सावली पडली असणार.

तिसरी गोष्ट स्टेनोसिस, म्हणजे वाट किती अरुंद झालीय. हे रक्ताच्या वेगावरून ठरवतात. वाट अरुंद झाली की रक्त जोरात पळतं, आतल्या कॅरोटिडमध्ये (मेंदूकडे जाणाऱ्या फाट्यात) वेग सेकंदाला १२५ सेंटीमीटरच्या वर गेला की ५० टक्के किंवा जास्त अरुंद असेल असा संशय घ्यायचा ही बरीच वर्षं वापरात असलेली खूण आहे. तुमचा वेग नॉर्मल. म्हणजे शेवटची ओळ खरीच आहे, पण ती फक्त वाटेबद्दल बोलते, भिंतीबद्दल नाही.

स्पष्टवक्ता_काका:

हे सगळं वाचून माझं एकच म्हणणं, टेस्ट केलीच कशाला? २०१३ च्या अमेरिकन गाइडलाइनमध्ये सरळ लिहिलंय की रिस्क ठरवायला आयएमटी रुटीनमध्ये मोजू नका. चेकअपच्या पॅकेजमध्ये कोंबतात कारण सुई नाही, रेडिएशन नाही, मशीन तिथेच असतं, आणि रिपोर्टमध्ये काहीतरी निघतंच निघतं. धडधाकट माणूस आत जातो आणि पेशंट होऊन बाहेर येतो. उंबरठा साहेब, तुम्ही पहिल्या डॉक्टरांचं ऐका आणि रोज चाला.

अर्धवेळ_वैद्य:

काकांशी निम्मा सहमत. (मी फिजिशियन आहे, पण इथे लिहितोय ती चर्चा आहे, प्रिस्क्रिप्शन नाही.)

आयएमटीचा इतिहास मजेशीर आहे. २०१० मध्ये अमेरिकन हार्टवाल्यांनीच मध्यम रिस्कच्या लोकांत ती मोजणं योग्य ठरेल असं म्हटलं होतं, आणि तीनच वर्षांत घूमजाव. मधे २०१२ साली एक मोठं विश्लेषण आलं, १४ अभ्यासांमधली ४५,८२८ माणसं एकत्र करून. प्रश्न साधा होता, वय-बीपी-कोलेस्टेरॉल-सिगरेटवाला नेहमीचा फ्रॅमिंगहॅम स्कोअर आधीच हातात असेल तर आयएमटीमुळे त्यात किती भर पडते? सगळ्यांत मिळून रिस्कच्या वर्गवारीत सुधारणा झाली ०.८ टक्के, मध्यम रिस्कवाल्यांत ३.६ टक्के. म्हणजे जवळपास काहीच नाही. कारणही समजण्यासारखं आहे, आयएमटी ज्या दोन थरांची मिळून मोजतात त्यातला मधला थर स्नायूंचा असतो आणि तो वयाने आणि बीपीने जाड होतो, वय आणि बीपी तर स्कोअरमध्ये आधीच धरलेले असतात, मग नवीन काय कळणार. तुमच्या ०.९ बद्दल विचाराल तर ०.९ च्या वर गेली की बीपीमुळे धमनीवर परिणाम झालाय असं युरोपच्या २०१३ च्या बीपीच्या गाइडलाइनमध्ये धरलं होतं. पण तिशीतल्या माणसाचा ०.९ आणि सत्तरीतल्याचा ०.९ एक नव्हे. तो आकडा सोडून द्या.

प्लाकचं मात्र वेगळं आहे आणि इथे काका घाई करताहेत. प्लाक म्हणजे आतल्या थरात कोलेस्टेरॉल साचून सुरू झालेला खरा आजार, आणि हा आजार एका धमनीपुरता राहत नाही. मानेत आहे म्हणजे हृदयाच्या धमन्यांत असेलच असं नाही, पण शक्यता नक्की वाढते. म्हणूनच युरोपियन कार्डिऑलॉजीच्या २०२१ च्या गाइडलाइनमध्ये आयएमटी मोजू नका म्हटलंय पण त्याच ठिकाणी असंही आहे की हृदयाचा कॅल्शियम स्कोअर (हृदयाच्या धमन्यांत साचलेलं कॅल्शियम मोजतात तो) करता येत नसेल तर मानेतला प्लाक बघणं हा पर्याय आहे.

आणि "ब्लॉक नाही" याचा अर्थ. ग्लॅगोव्ह नावाच्या पॅथॉलॉजिस्टने १९८७ साली मृतांच्या हृदयाच्या मुख्य डाव्या धमन्या कापून बघितल्या. त्यात दिसलं की प्लाक वाढायला लागला की धमनी बाहेरच्या बाजूला फुगते आणि आतली वाट तेवढीच ठेवते, प्लाकने आतल्या जागेपैकी साधारण ४० टक्के व्यापेपर्यंत. त्यानंतर कुठे वाट अरुंद व्हायला लागते. म्हणजे वाट मोकळी दिसली म्हणून भिंत निरोगी असं म्हणता येत नाही. हार्ट अटॅक बऱ्याचदा अशाच फार अरुंद न झालेल्या जागी प्लाक फुटून त्यावर गुठळी बसल्याने येतो.

उंबरठा:

डॉक, इतकं सविस्तर कुणी समजावलंच नव्हतं. मग कॅल्क्युलेटर ५ टक्क्यांच्या आत का दाखवतो? तो चुकतोय का?

अर्धवेळ_वैद्य:

चुकत नाहीये. त्याला जे विचारलं त्याचंच उत्तर देतोय, पण त्याला तुमच्या वडिलांबद्दल माहीतच नाही. बहुतेक कॅल्क्युलेटरमध्ये वयाचा वाटा सगळ्यात मोठा असतो, त्यामुळे पन्नाशीच्या आतला माणूस १० वर्षांच्या हिशोबात कमीच भरतो. वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत, आईला किंवा बहिणीला ६५ च्या आत त्रास झाला असेल तर ती अकाली हृदयविकाराची फॅमिली हिस्टरी धरतात, तुमच्या वडिलांचं ५३ त्यात बसतं. अमेरिकेच्या २०१८ च्या गाइडलाइनमध्ये रिस्क वाढवणाऱ्या गोष्टींच्या यादीत ही आहेच, दक्षिण आशियाई वंशाचं असणं पण आहे.

माझ्यापुढे असा माणूस बसला तर मी स्टॅटिनबद्दल गंभीरपणे बोलेन, जबरदस्ती नाही करणार. त्याआधी आयुष्यात एकदा करायची लिपोप्रोटीन-ए ही रक्तचाचणी करायला सांगेन, ती आनुवंशिक असते, डेसिलीटरला ५० मिलिग्रॅमच्या वर आली तर पारडं आणखी झुकतं. आणि घरी बीपी नीट मोजून लिहून ठेवा, १३४/८६ कडे सगळ्यांचंच दुर्लक्ष झालंय या चर्चेत.

स्पष्टवक्ता_काका:

डॉक्टर, तुमचा मान ठेवून विचारतो. माद्रिदचा तो पेसा नावाचा अभ्यास वाचलाय मी. ४० ते ५४ वयाची चार हजारांवर धडधाकट नोकरदार माणसं, त्यातल्या ६३ टक्क्यांच्या कुठल्या ना कुठल्या धमनीत काहीतरी निघालं. मानेत ३१ टक्क्यांच्या. आता दर तीन माणसांत जवळपास एकाच्या मानेत प्लाक असेल तर त्याला आजार म्हणायचं की पांढरे केस? सगळ्यांना गोळ्या देणार का?

अर्धवेळ_वैद्य:

प्रश्न रास्त आहे काका. सगळ्यांना नाही. पण त्याच अभ्यासात मांडीच्या वरच्या भागातल्या धमन्यांत ४४ टक्क्यांना निघालं, मानेपेक्षा जास्त, आणि ज्यांना कॅल्क्युलेटरने कमी रिस्क म्हटलं होतं त्यांच्यातही निम्म्याहून जास्त लोकांत काहीतरी होतं. यावरून मी असं नाही म्हणत की सगळे पेशंट आहेत, पण पांढरे केस पण नाहीत, केस पांढरे झाल्याने कुणी मरत नाही. हा आजार वीस-तीस वर्षं मुकाट वाढतो. एक छोटा प्लाक, एलडीएल ८०, बीपी छान, घरात कुणाला काही नाही, अशा माणसाला मी पण घरी पाठवीन. धागाकर्त्याच्या बाबतीत तीन-चार गोष्टी एकाच बाजूला बोट दाखवताहेत, प्लाक त्यातली एक.

अजून खुंटा हलवून बघायचा असेल तर हृदयाचा कॅल्शियम स्कोअर आहे, सीटीवर, थोडं रेडिएशन असतं. हार्टच्या अंदाजासाठी तो मानेच्या सोनोग्राफीपेक्षा सरस ठरलाय, अमेरिकेतल्या मेसा अभ्यासात दोन्हींची थेट तुलना झालीय. स्कोअर १०० च्या वर आला तर गोळीबद्दल शंकाच राहत नाही. पण उंबरठा, तुमचा शून्य आला तरी मानेतला प्लाक पुसला जात नाही, आणि घरात अकाली अटॅक असेल तर शून्यावर तेवढा भरवसा ठेवायचा नसतो. म्हणजे ज्या टेस्टच्या उत्तराने तुमचा निर्णय बदलणार नसेल ती करण्यात हशील नाही.

चौथी_खिडकी:

धाग्याच्या विषयापासून थोडं बाजूला पण कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून लिहिते. माझ्या मामांना एकदा जेवताना डाव्या डोळ्यासमोर वरून पडदा खाली सरकल्यासारखं झालं, पाच-दहा मिनिटं तो डोळा काहीच बघेना, मग आपोआप साफ. ते म्हणाले थकवा असेल. माझ्या मामेबहिणीने हट्टाने त्याच दिवशी नेलं, मानेच्या डॉपलरमध्ये डावी कॅरोटिड ८० टक्के बंद निघाली आणि लगेच त्याच आठवड्यात ऑपरेशन करून आतला प्लाक काढला. म्हणून टेस्टच फालतू आहे असं काका म्हणतात ते वाचून राहवलं नाही.

रेषांची_वाचक:

चौथी_खिडकी ताई, बरं झालं लिहिलंत, कारण हा पूर्ण वेगळा मामला आहे. मामांना लक्षण होतं. थोडा वेळ डोळ्यापुढे अंधारी, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, बोबडी वळणं, हे काही मिनिटांत बरं झालं तरी त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं असतं आणि तिथे मानेची डॉपलर हवीच. लक्षणं असलेल्या आणि ७० टक्क्यांच्या वर अरुंद झालेल्या लोकांना ऑपरेशनचा मोठा फायदा होतो हे १९९१ मध्येच सिद्ध झालंय, आणि ते दोन आठवड्यांच्या आत केलं तर जास्त.

काका म्हणतात ते लक्षण नसलेल्यांबद्दल. तिथे अमेरिकेच्या प्रतिबंधक तपासण्यांच्या टास्क फोर्सने २०१४ मध्ये आणि परत २०२१ मध्ये सांगितलंय की सर्वसाधारण लोकांत कॅरोटिड ब्लॉक शोधत फिरू नका, असा मोठा ब्लॉक सापडण्याचं प्रमाण कमी आणि नसलेला दिसला तर पुढच्या तपासण्या-ऑपरेशनचे धोके फुकटचे.

उंबरठा:

म्हणजे ब्लॉक शोधायला टेस्ट नको, जाडी मोजायला नको, फक्त प्लाक दिसला तर रिस्कच्या हिशोबात धरा. बरोबर ना? आणि एक राहिलंच. बायकोने पण माझ्याबरोबर तपासणी केली, वय ४४, तिची मान एकदम स्वच्छ, आयएमटी ०.६, प्लाक नाही. तिचा एलडीएल १९८ आलाय आणि तिला गोळी सांगितलीय, पण मान साफ आहे म्हटल्यावर ती म्हणते मला कशाला गोळी. मला पण पटतंय तिचं.

अर्धवेळ_वैद्य:

नाही नाही नाही. हे अजिबात पटवून घेऊ नका!

एलडीएल १९० किंवा वर असेल तर कॅल्क्युलेटर काढायचाच नसतो, मानही बघायची नसते, उपचार करायचे असतात. इतका एलडीएल म्हणजे आनुवंशिक हायपरकोलेस्टेरोलेमिया असू शकतो, जन्मापासून जास्त. त्यांच्या आईवडिलांचं, भावंडांचं कोलेस्टेरॉल विचारा, टाचेच्या मागच्या स्नायूच्या दोरीवर जाड गाठ लागते का बघा, थायरॉइडची टेस्ट करा कारण थायरॉइड मंद असेल तरी एलडीएल चढतो. आणि मुलं असतील तर त्यांचं पण तपासा. स्वच्छ मान म्हणजे आजच्या तारखेला मानेच्या तेवढ्या भागात प्लाक दिसला नाही, बास. खरं सांगायचं तर तुमच्या दोघांत गोळीची जास्त गरज वहिनींना आहे. मला या टेस्टची सगळ्यात जास्त चीड इथेच येते, प्लाक निघाल्याने कुणी घाबरलं तर निदान काळजी तरी घेतं, साफ निघाल्याने लोक गोळ्या सोडतात.

स्पष्टवक्ता_काका:

बघा, मी काय म्हणत होतो.

रेषांची_वाचक:

काका, तुमच्या विरुद्ध बाजूची एक गोष्ट सांगते. उत्तर स्वीडनमध्ये वेस्टरबोटन भागात ३,५३२ लोकांची मानेची सोनोग्राफी केली. निम्म्यांना आणि त्यांच्या डॉक्टरांना त्यांच्या धमनीचं चित्र पाठवलं, प्लाक असेल तर लाल ठिपका, नसेल तर हिरवा, आणि धमनीचं वय काय हे रंगीत पट्टीवर, वर नर्सचा फोन. उरलेल्यांना काहीच नाही कळवलं. वर्षभराने चित्र बघितलेल्यांचा रिस्क स्कोअर खाली आला, न बघितलेल्यांचा वाढला. २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये आलंय. मी स्वतः पण बघते, स्क्रीन पेशंटकडे वळवून ही बघा तुमची भिंत आणि हा उंचवटा असं दाखवलं की गप्पा मारणारा माणूस एकदम गप्प होतो.

स्पष्टवक्ता_काका:

चित्र बघून माणूस महिनाभर चालायला जातो आणि मग परत ये रे माझ्या मागल्या.

रेषांची_वाचक:

त्याच लोकांना तीन वर्षांनी परत तपासलं तेव्हाही फरक टिकून होता. आता बोला.

स्पष्टवक्ता_काका:

बोलतो की. त्यात अटॅक किती कमी झाले ते सांगा, स्कोअर नको.

रेषांची_वाचक:

तो मुद्दा मान्य, मी सांगितलं ते स्कोअरचंच.

उंबरठा:

बायकोला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला डॉक, गोळी आजपासून सुरू. मी पण लिपोप्रोटीन-ए करून दुसऱ्या डॉक्टरांकडे जातोय. दोन शेवटच्या शंका. गोळी घेतली तर हा प्लाक विरघळतो का, आणि सोबत ॲस्पिरिन घ्यायची का? ऑफिसात सगळे घेतात.

अर्धवेळ_वैद्य:

विरघळणं वगैरे डोक्यातून काढा. एलडीएल बराच खाली नेला तर प्लाक थोडा आकसू शकतो, पण मुख्य काम होतं ते म्हणजे आतली चरबी कमी होते, वरचं आवरण घट्ट होतं, फुटायची शक्यता घटते. त्यात कॅल्शियम वाढलेलंही दिसू शकतं, म्हणून पुढेमागे कुणी सोनोग्राफी केली आणि "जास्त कॅल्सिफाइड" लिहिलं तर गोळी बाधली असं समजू नका. उपयोग होतोय की नाही ते मानेवरून नाही, रक्तावरून बघायचं, सुरू केल्यावर ४ ते १२ आठवड्यांत लिपिड प्रोफाइल परत.

ॲस्पिरिन ऑफिसात विचारून घ्यायची गोष्ट नाही. छोट्या प्लाकसाठी, अटॅक-स्ट्रोक काही झालेलं नसताना, ती आपोआप सुरू करत नाहीत, पोटात रक्तस्रावाचा धोका असतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

उंबरठा:

ओके. धाकटा भाऊ आहे ४१ चा, त्याची पण मान बघून घेऊ का?

अर्धवेळ_वैद्य:

आधी त्याचं लिपिड, लिपोप्रोटीन-ए, शुगर आणि बीपी. सिगरेट ओढत असेल तर ती. एवढं हातात आल्यावरही गोळी द्यायची की नाही हे ठरत नसेल तर मग मान किंवा कॅल्शियम स्कोअर.

उंबरठा:

ओढतो. दिवसाला पाकीट.

अर्धवेळ_वैद्य:

मग मानेवर खर्च करायच्या आधी त्याला माझा हा प्रतिसाद पाठवा.